'लायसन्स लागत नाही' म्हणून घेतलेले वॉकीटॉकी: वापरायचे की परत करायचे?

कराडजवळच्या एका गावातल्या विशीतल्या मुलानं विचारलंय: 'काका, आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपनं ऑनलाइन चार वॉकीटॉकी मागवलेत. जाहिरातीत ५ वॉट, दहा किलोमीटर रेंज, लायसन्स लागत नाही असं लिहिलं होतं. वासोट्याला मोबाइल चालत नाही म्हणून घेतले. शिवाय रात्रीच्या लाइटीला मी उसात दारं धरायला असतो आणि वडील मोटारीपाशी, तेव्हाही उपयोगी पडतील. एक मित्र म्हणतो पोलीस धरतील, दुसरा म्हणतो खेळणं आहे, कोण विचारतंय. अमेरिकेतला चुलतभाऊ तिकडचे संच आणतो म्हणतोय, ते चालतील का? आणि हॅमचं लायसन्स काढलं तर हे सगळं कायदेशीर होईल का?'

मी सांगलीत राहतो. पंचवीसहून जास्त वर्षं हॅम, म्हणजे परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला आहे आणि त्याआधीपासून संच उघडून दुरुस्त करत आलोय. तुझ्यासारखी विचारणा महिन्याकाठी एखादी तरी येते, म्हणून या वेळी सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी थेट उत्तर. ते चार संच चालू करू नकोस. बॅटऱ्या काढ, खोक्यात भर आणि विकणाऱ्याकडे परत पाठव. तुझी गरज खरी आहे आणि ती भागवणारा कायदेशीर संच मिळतो, पण तो हा नव्हे.

तू लिहिलेल्या वर्णनावरून हे संच साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात कुठंही बोलू शकतात. बटणं दाबली की पडद्यावर आकडा बदलतो आणि तू त्या आकड्यावर बोलायला लागतोस. खरी अडचण इथंच आहे. ती जागा मोकळी नसते. पोलीस, रेल्वे, वनखातं, विमानतळ, साखर कारखाने, सुरक्षा कंपन्या, सगळ्यांना त्या पट्ट्यातल्या ठरावीक जागा नेमून दिलेल्या असतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे पाटाचं पाणी आहे. पाट तुझ्या बांधाला लागून गेला म्हणून पाणी तुझं होत नाही, ज्याची पाळी त्याचंच ते.

आपल्या देशात १९३३ पासून नियम असा आहे की बिनतारी संच नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. वापरला नाही, कपाटात ठेवला होता, हे उत्तर चालत नाही. त्या कायद्यात बिनपरवाना ट्रान्समीटरसाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा या दोघांच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय आणि त्याची कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. मूळ तत्त्व तेच राहिलंय: रेडिओ संच बाळगायचा तर अधिकृत मंजुरी हवी, नाहीतर तो संच सरकारनं सूट दिलेल्या प्रकारात बसायला हवा. 'खेळणं आहे' म्हणणाऱ्या तुझ्या मित्राला हे वाक्य वाचून दाखव.

कोण विचारतंय, याचंही उत्तर देतो. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन वॉकीटॉकी विकणाऱ्या १३ जणांना नोटिसा काढल्या. कारण हेच होतं: फ्रिक्वेन्सी लिहिलेली नाही, परवाना लागतो की नाही ते सांगितलेलं नाही, मान्यतेचा पत्ता नाही. त्याच महिन्याच्या अखेरीला अशा विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही आल्या. म्हणजे अशा विक्रीत गिऱ्हाइकाची दिशाभूल होते याची सरकारदरबारी दखल घेतली गेलीय. परतीचा अर्ज करताना 'चुकीची माहिती देऊन विक्री' असं स्पष्ट लिही. पैसे मिळाले नाहीत तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

कायद्यापेक्षा मला जास्त काळजी असते ती दुसऱ्याच गोष्टीची. एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात विसर्जनाच्या मिरवणुकीत एका मंडळानं असेच सहा संच वाटले होते. पोरं चांगली होती, गर्दीत कुणी चेंगरू नये म्हणूनच त्यांनी ते आणले होते. संध्याकाळी त्यातला एक धावत माझ्याकडं आला. 'काका, मधेच कोणतरी अनोळखी माणूस रागावून बोलतोय.' मी संच हातात घेतला. पडद्यावर दीडशेच्या वरचा आकडा होता. कारखान्यातून आला तेव्हा होता तोच, कुणी बदललाच नव्हता. ती जागा एका परवानाधारक संस्थेची होती आणि त्यांची माणसं त्या दिवशी कामावर होती.

त्याहून वाईट पुढं घडलं. ढोल वाजवणाऱ्या एका पोरानं संच कमरेला लावला होता. ढोलाचा पट्टा बोलायच्या बटणावर दाबला गेला आणि वीसेक मिनिटं त्या वाहिनीवर फक्त ढोल जात राहिला. हे संच एफएम पद्धतीनं बोलतात, आणि त्यात दोन संच एकाच वेळी बोलले तर दोघांचे आवाज मिसळत नाहीत. जो जवळचा, ज्याचा जोर जास्त, तोच ऐकू येतो आणि दुसरा पुसला जातो. म्हणजे त्या वीस मिनिटांत त्या संस्थेच्या माणसानं गावातून मदत मागितली असती तर पलीकडच्याला ढोलच ऐकू आला असता. त्या पोराला याचा पत्ताही नव्हता, कारण बटण दाबलेलं असताना स्वतःच्या संचात काहीच ऐकू येत नाही. आम्ही गर्दीत शिरून, एकेकाची कंबर तपासत तो संच शोधला. तेव्हापासून 'कुणाला काय त्रास होतोय' हे वाक्य मला सहन होत नाही.

आता तुझ्या कामाचं. २०१८ च्या नियमांनी कमी शक्तीच्या, जवळच्या अंतराच्या काही संचांना परवान्यातून सूट दिली. वॉकीटॉकीसाठी त्यातला उपयोगाचा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. युरोपात हाच पट्टा पीएमआर ४४६ या नावानं चालतो. शक्ती अर्धा वॉट. साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतरानं मोजलंस तर २०० किलोहर्ट्झमध्ये १६ वाहिन्या बसतात. या संचाला माणसाचा परवाना लागत नाही, परीक्षा नाही, वार्षिक फी नाही. तुझे वडील, तुझी बहीण, ट्रेकचे मित्र, कुणीही बोलावं.

मात्र सूट पट्ट्याला आहे तशीच संचालाही आहे. त्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए नावाची मान्यता हवी. खोक्यावर किंवा पुस्तिकेत ४४६.० ते ४४६.२ हा पट्टा छापलेला हवा आणि ईटीएचा क्रमांक हवा. विक्रेत्याला तो क्रमांक माग आणि सरल संचार या सरकारी पोर्टलवर जाऊन तपास. टाळाटाळ केली तर दुकान बदल.

इथं एक पळवाट हमखास सुचते, म्हणून आधीच सांगतो. 'काका, मग माझाच ५ वॉटचा संच ४४६ वर लावतो की.' नाही. सूट मिळाली आहे ती अर्ध्या वॉटच्या, त्याच पट्ट्यापुरत्या बनवलेल्या, मान्यताप्राप्त संचाला. दहापट शक्तीचा, बाहेरची अँटेना लागणारा, हवा तिथं फिरवता येणारा संच ४४६ वर नेला तरी तो त्या प्रकारात बसत नाही. बैलगाडीच्या वाटेला टोल नसतो म्हणून त्या वाटेनं ट्रक घातला तर तो बैलगाडी होत नाही.

आणखी एक सूट २७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, २६.९५७ ते २७.२८३, सिटिझन बँड म्हणतात त्याला. तिथं ५ वॉटपर्यंत मुभा आहे. पण लाटेची लांबी ११ मीटर, त्यामुळं नीट चालणारी अँटेना हातात मावत नाही, आणि आपल्याकडं त्याचे मान्यताप्राप्त हातसंच सहज मिळतही नाहीत. तुझ्या कामाला तो सोडून दे.

अर्ध्या वॉटवर तुझा हिरमोड झाला असेल. रेंजचं गणित समजलं की होणार नाही. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१२ नं गुणायचं, की तेवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. दोन्ही टोकांची बेरीज करायची. दोन माणसं उभी आहेत, संच दीड मीटर उंचीवर धरलाय, तर बेरीज येते दहा किलोमीटर. तुझ्या जाहिरातीतले दहा किलोमीटर मला तरी इथूनच आलेले दिसतात. मधे झाड नाही, घर नाही, चढ नाही, ऊस नाही, अशा सपाटीवरचं हे अंतर. असं रान कराड तालुक्यात मला दाखव. उलट अजिंक्यताऱ्यावर उभा राहिलास तर तू साताऱ्यापेक्षा अडीचशे-तीनशे मीटर वर असतोस आणि क्षितिज पासष्ट-सत्तर किलोमीटरवर जातं, डोंगर आडवे आले नाहीत तर. शक्ती तीच, उंची बदलली. मोकळ्यावर अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. डोंगर आडवा असेल तर चौपटीनंही काही होत नाही.

उसाचं मी स्वतः करून पाहिलंय. मेहुण्याचं रान वाळवा भागात आहे. दहा-बारा फुटांवर गेलेला ऊस, दोन दिवस पाऊस झालेला, पानं ओली. अर्ध्या वॉटचे दोन संच घेतले. मी सरीच्या तोंडाशी, तो विहिरीवर. सरीत शिरून शंभर-दीडशे पावलं गेलो तशी आवाजात खरखर यायला लागली, आणखी थोडं आत गेल्यावर शब्द तुटायला लागले. ओलं पान म्हणजे पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. मग मी तिथंच उभा राहिलो आणि त्याला एवढंच सांगितलं की मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर चढ. तो चढला आणि आवाज शेजारी उभा असल्यासारखा स्वच्छ झाला. बॅटरी तीच, वाहिनी तीच, मी हललोसुद्धा नव्हतो.

म्हणून वडिलांना सांग, बोलायचं असेल तेव्हा स्लॅबवर किंवा निदान विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहून बोलावं. रात्रीच्या वेळी चढउतार नको वाटली तर कट्टाच बरा, पाय घसरला तर संचाचा काय उपयोग. तू बांधावर येऊन बोल. संच उभा धर, आडवा नाही. एकानं उभा आणि दुसऱ्यानं आडवा धरला तर जोर बराच कमी होतो. कमरेला लावून बोललास तर तुझंच शरीर मधे येतं. तोंडापासून चार बोटं लांब धर, बटण दाबल्यावर क्षणभर थांब आणि मग बोल, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं. 'बंद करा' मधला 'बंद' गेला तर वडिलांना नुसतं 'करा' ऐकू येईल, आणि मोटारीच्या बाबतीत ही चूक महाग पडते. आम्ही शेतासाठी शब्दच ठरवून घेतले होते: मोटार 'थांबवा' आणि मोटार 'सोडा'. दोन्ही ऐकायला वेगळे. ऐकणाऱ्यानं तोच शब्द परत म्हणायचा आणि मगच स्टार्टरला हात लावायचा. उसात बिबट्या वावरतोय असं कळलं तर दर पंधरा मिनिटांनी एकमेकांना हाक द्यायची वेळही ठरवून ठेवा.

संचावर 'प्रायव्हसी कोड' लिहिलेलं असतं, त्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. तो कोड म्हणजे तुझ्या आवाजाखालून जाणारा एक बारीक सूर, सीटीसीएसएस म्हणतात त्याला. तुझा संच तोच सूर आला तरच स्पीकर उघडतो, बाकीच्यांना गप्प ठेवतो. म्हणजे तो तुझ्या कानावर लावलेला पडदा आहे, तुझ्या तोंडावरचा नाही. तू बोललेलं त्या वाहिनीवरचा कुणीही ऐकू शकतो. घरात कुणी नाही, पैसे कुठं ठेवलेत, हे वॉकीटॉकीवर बोलायचं नाही. आणि दुसरा धोका: पडदा लावल्यामुळं वाहिनीवर आधीच कुणी बोलत असेल तर तुला कळत नाही आणि तू त्याच्यावर बोलतोस. म्हणून संचावरचं मॉनिटरचं बटण दाबून आधी ऐकायचं, मग बोलायचं. वाहिन्या १६ आहेत आणि त्या सगळ्यांच्या सामाईक आहेत. तुझ्या हक्काची एकही नाही.

वासोट्याला थोडं वेगळं. बामणोलीहून शिवसागर ओलांडून पलीकडं उतरलात की घनदाट जंगल सुरू होतं. तिथं झाडी आणि वळणं मिळून चारशे-पाचशे मीटर मिळाले तरी पुष्कळ समज. एवढं पुरतं, कारण गरज असते ती पुढचा आणि मागचा माणूस जोडलेला राहण्याची. मी नेहमी एक संच पुढच्याकडं, एक शेवटच्याकडं आणि एक मधल्याकडं देतो. मधल्याचं काम निरोप पुढं सरकवायचं. माथ्यावर पोचलेल्यानं उघड्या कड्याकडं सरकून बोललं की खालच्याला ऐकू जातं, फक्त कड्याच्या टोकाशी जायचं नाही. वनखात्याची परवानगी काढताना संच जवळ असल्याचं सांगून टाक आणि ईटीएच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनरक्षकानं हातात वॉकीटॉकी बघून चौकशी केली तर त्याचं बरोबरच आहे. आणि अर्ध्या वॉटवर बचाव पथक येईल अशा भरवशावर जाऊ नका. परतायची वेळ घरी सांगून ठेवणं आणि ११२ लावून पाहणं हे आधी. तुझ्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर ११२ त्यावरून लागू शकतो.

चुलतभावाला नको म्हण. अमेरिकेत एफआरएस आणि जीएमआरएस नावाच्या दोन सेवा आहेत, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास. एफआरएसला तिकडं परवाना लागत नाही, जीएमआरएसला परीक्षा न देता ३५ डॉलर भरून दहा वर्षांचा परवाना मिळतो आणि त्यावर अख्खं कुटुंब बोलतं. तिकडं हे संच पूर्ण कायदेशीर आहेत. पण त्या मुभेची हद्द तिकडच्या देशापुरती. आपल्याकडं त्या फ्रिक्वेन्सी त्या कामासाठी सोडलेल्या नाहीत, त्यामुळं इथं तोच संच बिनपरवाना ठरतो. बॅगेतून आला तर विमानतळावर अडण्याची शक्यता वेगळीच. त्याला म्हणावं, त्यापेक्षा तिकडून एक चांगला मल्टीमीटर आण.

आता हॅम. हा प्रश्न माझ्या जिवाभावाचा आहे. हॅमच्या परवान्यानं तुझं हे सगळं कायदेशीर होत नाही आणि तेवढ्यासाठी तो काढूही नकोस. हॅम रेडिओ हा माणसाला दिलेला परवाना आहे. तुला मिळाला तर तू बोलशील, तुझे मित्र नाही. ट्रेकवर चौघांनी बोलायचं तर चौघांकडं परवाना हवा. आणि त्यावर धंद्याचं, व्यवहाराचं बोलायला बंदी आहे. उसाची तोड, गाडीचं भाडं, दुधाचा हिशेब, काही नाही. गाणी लावता येत नाहीत, सांकेतिक भाषेत बोलता येत नाही, राजकारण नाही. प्रत्येक संभाषणात आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची आपली अक्षर-आकड्यांची ओळख, सांगावा लागतो आणि नोंदवही ठेवावी लागते. एवढं ऐकून पोरं विचारतात, मग उरलं काय? उरतं ते असं: स्वतः वाकवलेल्या तारेची अँटेना गच्चीवर बांधून, कुठल्याही कंपनीच्या टॉवरशिवाय, इंटरनेटशिवाय, पहाटे जपानच्या नाहीतर रशियाच्या माणसाशी बोलणं. ज्या दिवशी मला पहिल्यांदा समुद्रापलीकडून उत्तर आलं त्या दिवशी माझा हात थरथरत होता, नोंदवहीतलं त्या दिवसाचं अक्षर अजून तसंच वेडंवाकडं आहे.

परीक्षेला वयाची अट १२ पूर्ण. आपल्याकडं १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांखाली दोन श्रेणी चालत आल्यात, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींत दोन भाग असतात. पहिला रेडिओचं तंत्र: ओहमचा नियम, अनुनाद, ट्रान्समीटर-रिसीव्हरची रचना, अँटेना. दुसरा भाग नियमांचा, देशातले आणि आंतरराष्ट्रीय. प्रश्न पर्यायांतून उत्तर निवडायचे. बारावी सायन्स झालेल्याला तंत्राचा भाग जड नाही, नियमांच्या भागातच पोरं पडतात, कारण तो वाचायचा कंटाळा करतात. जनरलला मोर्सही, म्हणजे ठिपके-रेघांची तारेची लिपीही असते, मिनिटाला ८ शब्दांच्या गतीनं, ऐकणं आणि पाठवणं दोन्ही. मोर्स ठिपके-रेघा मोजून शिकू नकोस, ताल म्हणून शीक. तबल्याचे बोल आपण मोजत बसत नाही, तसंच.

अर्ज सरल संचारवरून होतो. परीक्षेची व्यवस्था खात्याच्या बिनतारी देखरेख केंद्रांमार्फत असते आणि आसपासचे हॅम क्लब उमेदवार जमवून तयारी करून घेतात. नव्या कायद्याखाली नियम नव्यानं लिहिले जात आहेत, त्यामुळं फी, मुदत आणि कागदपत्रं पोर्टलवर त्या दिवशी जे असेल ते वाच, माझ्याकडून किंवा कुणाकडून ऐकून पैसे भरू नकोस. एक चूक मात्र मी वारंवार पाहतो. परीक्षा पास झाल्यावर जे प्रमाणपत्र मिळतं तो परवाना नव्हे. स्टेशनचा परवाना त्यानंतर वेगळा काढायचा असतो आणि कॉलसाइन त्यावर येतो, बहुधा रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ आणि जनरलला व्हीयू२ नं सुरू होणारा. तो हातात येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आल्यावरही आपले पट्टे ठरलेले: हातसंचासाठी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, लांबच्या गप्पांसाठी ७.० ते ७.२, १४.० ते १४.३५ वगैरे. पट्ट्याच्या बाहेर हॅमही तुझ्यासारखाच बिनपरवाना.

संकटात हॅम उपयोगी पडतात हे तू ऐकलं असशील. ते खरं आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हॅम तिथं पोचले होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या, बाकी संपर्क तुटले असताना अंदमानातून निरोप त्यांच्या स्टेशनवरून गेले. एरवी दुसऱ्याचे निरोप पोचवायला बंदी असली तरी आपत्तीत, प्रशासनाच्या सांगण्यावरून, नियम त्याला वाट देतात.

आपल्याकडं २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. लाइट गेली, पाठोपाठ लोकांचे फोन बंद पडले, कारण चार्ज कुठं करायचे. मी गच्चीवर १२ व्होल्टच्या बॅटरीवर संच लावून बसलो होतो. त्या दिवसांत एक निरोप माझ्याकडून पुढं गेला: एका गच्चीवर सात माणसं अडकलीत. पलीकडच्या हॅमनं वाचून दाखवला, 'साठ माणसं'. खरखरीत 'त' आणि 'ठ' मधला फरक उरत नाही. त्यानं परत वाचून दाखवलं म्हणून कळलं, नाहीतर सात जणांसाठी साठ जणांची तयारी गेली असती आणि दुसरीकडं कुणीतरी थांबलं असतं. तेव्हापासून मी आकडा सुटा सांगतो: 'सात, एकच अंक, सात.' साठ असेल तर 'सहा, शून्य'. तुमच्या ट्रेकलाही हाच रिवाज लावून घ्या, कड्याखाली किती जण राहिलेत हे सांगताना उपयोगी पडेल.

परवाना यायला वेळ लागेल, तोवर ऐकायला सुरुवात कर. त्यासाठी संच घ्यायचीही गरज नाही. इंटरनेटवर वेबएसडीआर नावाचे रिसीव्हर आहेत, लोकांनी आपापल्या गच्चीवर बसवलेले आणि सगळ्यांना ऐकायला खुले ठेवलेले. भारतातला किंवा जवळच्या देशातला एखादा निवड, ७.० ते ७.२ वर जा, पद्धतीच्या (मोडच्या) बटणांतलं एलएसबी निवड, रविवारी सकाळी सात ते नऊ. आधी नुसती खरखर वाटेल. हळूहळू आकडा सरकव, बदकाच्या आवाजासारखं काहीतरी येईल, अजून थोडं सरकवलं की त्याचं माणसाचं बोलणं होईल. 'सीक्यू, सीक्यू' असं कुणी म्हणत असेल तर तो ऐकणाऱ्या कुणालाही बोलावतोय. त्यानंतर तो कॉलसाइन सांगेल, एकेक अक्षर शब्दानं: व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री, आणि पुढं. व्हिक्टर-युनिफॉर्म आलं की माणूस भारतातला. वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि तो कॉलसाइन लिहून ठेव. दहा-बारा झाले की मला पाठव, त्यातले कोण आपल्या सातारा-सांगलीकडचे आहेत ते मी सांगेन, आणि त्यांच्यापैकी जो तुझ्या गावाला जवळ असेल त्याच्याकडं तुला घेऊन जाईन.